तेवीस नारळ आणि एक छप्पर

सुकुमार आवटींना कुणीही, कधीही, कुठल्याही कामाबद्दल विचारलं तरी उत्तर एकच मिळतं. "चालू आहे." हे सांगताना त्यांचा आवाज इतका धीराचा होतो, की आपण उगीच विचारलं असं विचारणाऱ्यालाच वाटावं. डॉक्टरांनी विचारलं, "काय आवटी, पथ्य?" तर "चालू आहे." शेजाऱ्यांनी सकाळी कुंपणावरून विचारलं, "चहा झाला का?" तर "चालू आहे", आणि आत गुणमालाकाकू अजून गॅसचा लायटर शोधत असतात. त्यांच्या घराचा वरचा मजला गेली सोळा वर्षं चालू आहे. त्याच्या खांबांच्या सळ्या गच्चीतून आभाळाकडे बोटं दाखवत उभ्या आहेत आणि उन्हाळ्यात गुणमालाकाकू त्यांना दोरी बांधून कुरडयांवर सावलीचं फडकं धरतात. "मजला होईल तवा होईल," त्या म्हणतात, "कुरडया तरी होत्यात."

घरात, गल्लीत आणि कारखान्यात सुकुमार आवटींना अण्णाच म्हणतात, तेव्हा आपणही अण्णाच म्हणू.

अण्णा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं प्लॅनिंगला आहेत. कारखाना लोखंडी शेड आणि छपरं बनवतो. प्लॅनिंग म्हणजे कुठलं काम कधी सुरू व्हायचं आणि कधी संपायचं ते आधी लिहून ठेवायचं, आणि मग ते तसं का झालं नाही ते नंतर लिहायचं. दुसऱ्या भागाला जास्त वेळ लागतो. यासाठी अण्णांची एक लाल पाठीची लांबट वही असते. आता कारखान्यात कॉम्प्युटर आले, मोबाईल आले, पण आधी वहीत उतरल्याशिवाय अण्णांना काम झाल्यासारखं वाटत नाही. वहीत प्रत्येक कामापुढे तीन रकाने: सुरू नाही, चालू, पूर्ण.

यातला पहिला रकाना तीस वर्षं कोरा होता. इतका कोरा, की कारखान्यातले लोक त्यात फोन नंबर टिपून ठेवत.

याला कारण होतं. अण्णा नवे असताना, चोविशीत, त्यांनी एका सोमवारी आप्पासो नावाच्या फिटरच्या कामापुढे प्रामाणिकपणे "सुरू नाही" असं लिहिलं होतं. आप्पासो हा त्या कारखान्यातला सर्वांत चांगला हात. वही मालकांसमोर गेली. मालकांनी सगळ्यांदेखत आप्पासोला बोलावून घेतलं आणि केबिनचं दार लावलं. बाहेर सगळे उभे. दहा मिनिटांनी आप्पासो खाली मान घालून निघाला, डबा उचलला आणि कुणाशी न बोलता सायकलवरून घरी गेला. नंतर कळलं, त्याची बायको चार दिवस मिरजेला दवाखान्यात होती. वहीत त्याला रकाना नव्हता. त्या दिवशी अण्णांना जेवण गेलं नाही. आपल्या दोन शब्दांनी एका भल्या माणसाची मान खाली गेली, हे त्यांनी मनात धरलं ते धरलंच. आप्पासो पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कारखान्यात गेला, आणि अण्णांनी "सुरू नाही" हे शब्द आयुष्यातून काढून टाकले.

त्यांच्या जागी अण्णांनी टक्के आणले. माल सांगून ठेवला असेल तर काम तीस टक्के. ज्याने करायचं तो माणूस "येतो" म्हणाला तर पन्नास. देवाशपथ येतो म्हणाला तर साठ. आणि काम करणाऱ्याने नुसता हात हलवून "झाल्यात जमा" म्हटलं की नव्वद. मग राहिले दहा टक्के म्हणजे नुसतं प्रत्यक्ष करणं.

कारखाना या पद्धतीवर बुडाला कसा नाही, असं कुणालाही वाटेल. तर कारखान्यातले लोक अण्णांची वही वाचायला शिकले होते. वहीत साठ टक्के दिसलं की हातोडा घेऊन कामाला लागायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोटं असलं तरी ते सगळ्यांना पाठ असलेलं खोटं होतं, आणि अशा खोट्यावर आपल्याकडे पुष्कळ गोष्टी सुरळीत चालतात. घोटाळा झाला तो ती वही पाठ नसलेल्या कुणाच्या तरी हातात गेल्यामुळे.

ते कुणीतरी म्हणजे अण्णांची मुलगी ब्राह्मी. ती इंजिनिअर. शिरवळच्या एका मोठ्या कंपनीत तीही प्लॅनिंगलाच आहे. तिकडे टक्के सांगून चालत नाही, मोजून दाखवावे लागतात. तिथेच काम करणाऱ्या अतिशय नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. मुलगा दुधगावच्या भरतेश मगदुमांचा. घर शेतीवाडीचं, माणसं मोकळी, पाव्हणेरावळे मात्र अडीच हजार.

अडीच हजार माणूस बसवायचं कुठे? तर जैन समाजाचं नवं मंगल कार्यालय कुपवाड रस्त्याला उभं राहत होतं. त्याचं छप्पर अण्णांच्याच कारखान्यात तयार होत होतं, आणि कमिटीने अण्णांना बिनपगारी वेळापत्रक-प्रमुख नेमलं होतं. बदल्यात कमिटीने शब्द दिला: नव्या कार्यालयातलं पहिलं लग्न आवटींच्या मुलीचं. अण्णांना आयुष्यात मिळालेला हा पहिला मान. त्यांनी तारीख दिली, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. तेव्हा ऑगस्ट होता आणि जोतं तेवढं बांधून झालं होतं.

भरतेश मगदूम फोनवर म्हणाले, "पावणं, हुईल न्हवं तवर?"

"चालू आहे," अण्णा म्हणाले.

ब्राह्मीला मात्र एवढ्यावर झोप येईना. ती शनिवारी शिरवळहून आली आणि स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडून बसली. "अण्णा, तुमची तेवीस कामं मी यात भरलीत. आता हा प्रोग्राम हजार वेळा हॉल बांधून बघणार."

"एकदाच नीट बांधा की," गुणमालाकाकू पोळी उलटत म्हणाल्या. "हजारदा कशाला?"

"आई, खरा नाही. मनातल्या मनात. कधी सिमेंट उशिरा येईल, कधी गवंडी आजारी पडेल. प्रत्येक कामाला तो एक फासा टाकतो. वाईट दान पडलं की काम लांबलं. असं हजार वेळा करून तो सांगतो की शंभरातल्या किती वेळा हॉल वेळेत होईल."

फाशांचं नाव निघताच अण्णा अस्वस्थ झाले. देवळात लहानपणापासून ऐकलेल्या सात व्यसनांच्या यादीत पहिलं नाव जुगाराचं. मुलीच्या लग्नावर घरातच फासे पडायचे! "फासे टाकल्याशिवाय जमत नाही का गं?"

"जमतं ना. जे काम पूर्ण झालंय त्याला तो फासा टाकतच नाही. झालं ते झालं. दहावी पास झाल्यावर नापास व्हायची भीती कुठे असते? जे चालू आहे, त्याच्या जेवढं उरलंय तेवढ्यापुरताच फासा. आणि जे सुरूच नाही त्याला मात्र पुरता. शिवाय ते आधीचं काम संपायची वाट बघत बसतं. म्हणून तुमची माहिती खरी पाहिजे. कुठलं काम कुठे आहे, तेवढं दर आठवड्याला मला पाठवा."

अण्णांनी यातून एवढंच घेतलं, की काम सुरू झालं की फासे कमी होतात. म्हणजे जुगार कमी होतो. चांगल्या घरात जुगार जितका कमी तितका बरा.

ब्राह्मी शिरवळला गेली आणि भाद्रपदातली चतुर्दशी झाली. घरातले दशलक्षण पर्वाचे उपास सुटले आणि दुसऱ्याच दिवशी, पौर्णिमेला, नानासो मोटरसायकलवरून उगवले. मागच्या सीटवर पोतं बांधलेलं.

नानासो हे हॉलचे कॉन्ट्रॅक्टर, कवठे महांकाळकडचे. आजा मेंढरं घेऊन कृष्णाकाठ ते कोकण हिंडलेला, बाप शेतीत बसलेला आणि नानासो बांधकामात शिरलेले. मेंढरं राखणाऱ्या घरातला एक गुण त्यांनी अजून सोडला नव्हता: शंभर गोष्टी एकदम पुढे हाकायच्या, एकेक मोजत बसायचं नाही.

"अण्णा, उद्या पितृपक्ष लागतोय," नानासो म्हणाले. "माझी माणसं पंधरवडाभर नवं काम हातात धरायची न्हाईत. मी बी धरायचो न्हाई."

अण्णांचा चेहरा पडला. पंधरा दिवस! पण लगेच, दुसऱ्याला आपल्या श्रद्धेबद्दल वाईट वाटू नये म्हणून, म्हणाले, "असू द्या, असू द्या. तुमची रीत आहे."

"ऐका तर पुढचं. नव्या कामाला पितर आडवं येत्यात. चालू कामाला येत न्हाईत. चालू काम थांबवायला कोण सांगतंय?" नानासोंनी पोत्यावर थाप मारली. आतून टणक आवाज आला. "म्हणून आज सगळ्याच कामांचं नारळ फोडून टाकू. तेवीस हायत, मोजून आणल्यात."

त्या दुपारी त्या जोत्यावर जे झालं ते बांधकामशास्त्रात बहुधा पहिल्यांदाच झालं असावं. खांबांचा नारळ फुटला, ते ठीकच होतं. भिंतींचा फुटला. मग छपराचा फोडायचा होता. छप्पर जिथे येणार ती जागा जमिनीपासून बावीस फूट वर, हवेत. नानासोंनी वर बघून अंदाज घेतला, दोन पावलं डावीकडे सरकले आणि त्या जागेच्या बरोबर खाली नारळ फोडला. रंगाचा नारळ न झालेल्या भिंतीपुढे फुटला. गवंड्याने रंग लावल्यासारखा हात हवेत फिरवला आणि हळदकुंकू टाकलं. फरशी, वीज, पाणी, दरवाजे, व्यासपीठ, बाहेरची कमान, सगळ्यांचे नारळ फुटले. स्वयंपाकघराच्या चिमणीचा नारळ किडका निघाला, तेव्हा नानासोंनी तो बाजूला ठेवला. "चिमणीला वाईच येळ लागंल," एवढंच म्हणाले.

अण्णा वही घेऊन उभे होते. तेवीस कामं, तेवीस सुरुवातीच्या तारखा, सगळ्या एकाच दिवसाच्या. इतकी भरगच्च पानं अण्णांच्या हातून कधी उतरली नव्हती. त्यांना मनात कुठेही खोटं वाटत नव्हतं. नारळ फुटलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. सुरुवात म्हणजे आणखी काय असतं?

त्या रात्रीपासून आवटींच्या घरी खोबरं. वड्या, चटणी, सोलकढी, परत वड्या. तिसऱ्या आठवड्यात गल्लीतली माणसं गुणमालाकाकूंच्या हातात वाटी दिसली की रस्ता बदलू लागली.

पितृपक्षात नानासोंनी खांबांचं काम खरोखरच चालू ठेवलं. दर शनिवारी ब्राह्मीचा फोन येई आणि अण्णा वहीतून वाचून दाखवत. छप्पर: चालू, पंचावन्न टक्के. (कारखान्यात ते खरंच बनत होतं, पण ते कारखान्यात होतं, बसवण्यासाठी खाली खांब लागतात, ही गोष्ट अण्णांनी वेगळी लिहिली नाही.) रंग: चालू, पस्तीस टक्के. (रंगारी "येतो" म्हणाला होता. मागाहून रंगाऱ्याच्या मेहुण्याच्या मुलाचं बारसं निघालं, म्हणून पन्नासवरून अण्णांनी स्वतःहून खाली आणलं. ते काही अगदीच डोळे मिटून लिहीत नव्हते.) फरशी: चालू, चाळीस.

ब्राह्मीने ही माहिती मशीनला दिली. मशीन बिचारं शिरवळचं; त्याला कुपवाडच्या वहीतले टक्के कसे वाचायचे ते कुणी शिकवलं नव्हतं. ज्या कामाला सुरुवातीची तारीख आहे ते सुरू झालंय, असं त्याने इमानदारीत धरलं. सुरू झालेलं काम आता कशाची वाट बघत नाही, असंही धरलं. म्हणजे त्याच्या हिशेबाने छप्पर खांबांसाठी थांबलेलं नव्हतं, रंग भिंतीसाठी थांबलेला नव्हता. सगळी तेवीस कामं हातात हात घालून डिसेंबरकडे चालली होती. फासे पडले ते उरलेल्या चिमूट-चिमूट भागापुरते. मशीनने हजार वेळा हॉल बांधला आणि उत्तर दिलं: शंभरात चौऱ्याण्णव वेळा वेळेत.

"चौऱ्याण्णव!" ब्राह्मी फोनवर ओरडली. "अण्णा, आमच्या कंपनीत साठ आले तरी पेढे वाटतात!"

चौऱ्याण्णवचा आकडा दुधगावला गेला, तिथून पाव्हण्यांत गेला. आणि पत्रिका छापल्या गेल्या. "विवाहस्थळ" या शब्दापुढे नव्या कार्यालयाचं नाव सोनेरी अक्षरांत. कमिटीने त्या छापलेल्या नावाकडे बघून कार्यालय झालंच असं धरलं आणि नानासोंना फोन करणं सोडून दिलं. नानासोंनी कमिटीचे फोन बंद झाले म्हणजे काम ठीक चाललं असणार असं धरलं आणि निम्मी माणसं जतच्या एका गोदामावर पाठवली. सगळ्यांनी एकमेकांवर इतका भरवसा टाकल्यावर, त्या भरवशाखाली वीट आहे की नाही हे बघायला जागेवर जायचं कुणाला सुचणार?

दिवाळीच्या सुट्टीत ब्राह्मी आली आणि म्हणाली, "चला अण्णा, व्यासपीठ कुठे येतंय ते बघून येऊ. फुलवाल्याला माप द्यायचंय."

"कशाला उन्हात? चालू आहे ते."

"मग चालू असलेलंच बघू."

जागेवर गेल्यावर ब्राह्मीने चारी बाजूंना बघितलं. अर्धे खांब उभे होते. एक भिंत कमरेएवढी होती. बाकी आभाळ होतं. नानासो एका खांबाच्या सावलीत खाटेवर बसून भाकरी खात होते. पाव्हणी दिसताच हात धुऊन उठले.

"नानासो," ब्राह्मी म्हणाली, "रंगकाम पस्तीस टक्के झालंय ना? कुठाय?"

"नारळ फुटलाय की ताई."

"कुठे?"

"हितं." नानासोंनी पायाखाली बोट दाखवलं.

"इथे भिंतच नाही."

"भिंत येणार हाय तितंच फोडलाय. अंदाजानं न्हाई, दोरी धरून."

"आणि छप्पर?"

नानासोंनी आधी वर बघितलं, मग खाली बघितलं. "त्येचा बी फुटलाय. ह्या बाजूला. अण्णांच्या म्होरंच फोडलाय, इचारा."

ब्राह्मी अण्णांकडे वळली. अण्णांनी वही छातीशी धरली होती. ते उन्हात उभे होते आणि घाम पुसायचं विसरले होते.

ती सिमेंटच्या पोत्यावर बसली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि एकेक काम विचारायला लागली. फक्त दोनच प्रश्न: हात लावलाय का? लावला असेल तर अजून किती दिवस? खांब, लावलाय, अजून बारा दिवस. भिंत, एकीला लावलाय. फरशी? नानासोंनी मान हलवली. वीज? मान हलवली. तेविसातली तीन कामं चालू निघाली आणि बाकीच्या विसांच्या सुरुवातीच्या तारखा खोडाव्या लागल्या. आता छपराला खांबांची वाट बघणं आलं, रंगाला भिंतीची, फरशीला छपराची. फासे पुरते पडले. मशीन पहिल्यापेक्षा बराच वेळ विचार करत राहिलं.

"किती आलं ताई?" नानासोंनी डोकावून विचारलं.

"शंभरात दोन."

नानासोंनी क्षणभर विचार केला. "दोन तरी हायत की! त्या दोनात आपलं बसवू. लय झालं."

ब्राह्मीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणीही आलं. ती लॅपटॉप मिटत म्हणाली, "अण्णा, तुम्ही मला फसवलं नाहीत, हे मला माहीत आहे. पण मगदूमकाकांनी अडीच हजार माणसांना पत्ता दिलाय. त्यांना आता कोण सांगणार?"

घरी आल्यावर अण्णा फोन घेऊन गच्चीवर गेले. वरच्या मजल्याच्या सळ्यांमध्ये जागा असते तिथे उभे राहिले. गुणमालाकाकू जिन्यात, ब्राह्मी त्यांच्या मागे.

"नमस्कार मगदूमसाहेब. आवटी बोलतोय. कसं काय?"

"निवांत. हॉल काय म्हणतोय पावणं?"

"हॉल..." अण्णा थांबले. "हॉल चा..."

जिन्यातून गुणमालाकाकू म्हणाल्या, "आवं, आता तरी गिळा ते."

अण्णांनी ते गिळलं. "मगदूमसाहेब," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज तीस वर्षांनी पहिल्यांदा धीराचा नव्हता, "छप्पर सुरू नाही. रंग सुरू नाही. फरशी सुरू नाही. माझी चूक आहे. मी नारळ बघून लिहीत गेलो."

मग मगदूम म्हणाले, "उद्या सकाळी येतो. मला बघू द्या काय सुरू हाय आन काय न्हाई ते."

सकाळी भरतेश मगदूम आले. धिप्पाड माणूस, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. जागेवर जाऊन ते खांबांभोवती एक चक्कर मारून आले. शेवटी मगदूम म्हणाले, "पावणं, तुमच्या वहीतलं एक तरी काम खरं हाय का?"

"छप्पर," अण्णा घाईने म्हणाले. "म्हणजे बसवलेलं नाही. पण बनवलेलं आहे. कारखान्यात. आमच्या हातचं आहे, त्यात वहीवरचं काही नाही. चला, दाखवतो."

ते दोघे स्कूटरवरून कारखान्यात गेले. मगदूम मागे बसल्यावर स्कूटरचं पुढचं चाक जरा वरच राहिलं. सुट्टीचा वार होता. मोठं शेड रिकामं, झाडून ठेवलेलं. मधोमध नव्या कार्यालयाच्या छपराच्या कमानी एकामागे एक मांडलेल्या, लाल रंग दिलेल्या, एकही वेल्डिंग बाकी नसलेल्या. वर कारखान्याचं स्वतःचं उंच छप्पर. मगदुमांनी एका कमानीवर हात फिरवला, बोटांनी वाजवून बघितली. मग वर बघितलं. मग शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत चालत गेले आणि तिथूनच ओरडले.

"पावणं! छप्पर हितं हाय. भिंती हितं हायत. लाईट हाय. पाणी हाय का?"

"आहे," अण्णा म्हणाले.

"चालू म्हणताय का हाय म्हणताय?"

"आहे. नळ सोडून दाखवू?"

मगदुमांनी खरंच नळ सोडून बघितला. ओंजळभर पाणी तोंडावर मारून म्हणाले, "मग लगीन हितंच करू की गड्या. लोखंडाचं आपल्याला वावडं हाय का? ट्रॅक्टर काय लाकडाचा असतो?"

मालकांनी हो म्हटलं. आता कामं उरली फक्त नऊ, आणि त्यांची यादी ब्राह्मीने केली. अण्णांनी दर दोन दिवसांनी माहिती दिली. पहिल्या वेळी नऊपैकी सात कामांपुढे त्यांनी "सुरू नाही" लिहिलं. गंमत म्हणजे ज्यांच्यापुढे लिहिलं त्यांच्यापैकी कुणाचीही मान खाली गेली नाही. मांडववाला वही बघून म्हणाला, "आयला, माझं न्हाई का? येतो की उद्या," आणि खरोखर उद्या आला. मशीनने पहिल्या आठवड्यात शंभरात एकसष्ट सांगितलं, दुसऱ्यात त्र्याहत्तर. चौऱ्याण्णवच्या वेळी जी झोप ब्राह्मीला लागली होती, तिच्यापेक्षा चांगली झोप तिला त्र्याहत्तरला लागली.

पत्रिकेवरचं विवाहस्थळ बदलता आलं नाही, तेव्हा नव्या कार्यालयाच्या अर्ध्या खांबापाशी नानासो स्वतः फेटा बांधून उभे राहिले आणि येईल त्या गाडीला "म्होरं, म्होरं, छप्पर तिकडं गेलंय" असं सांगत राहिले.

लग्न लागलं. क्रेनच्या हुकाला झेंडूची झुंबरं लावली होती. शेवटच्या मंगलाष्टकाला क्रेन हळूच पुढे सरकली आणि फुलं नवरानवरीवर पडली. थोडी भटजींवर आणि बरीच मगदुमांवर. कमिटीची मंडळी छपराच्या कमानींवर ओळीने बसली होती. ज्या छपराखाली हे लग्न व्हायचं होतं, ते छप्पर असं लग्नाला हजर राहिलं, फक्त खालून.

पंगत चालू असताना एक वाळकासा म्हातारा काठी टेकत अण्णांपाशी आला. पांढरी टोपी, कानात यंत्र. अण्णांनी ओळखलं आणि त्यांच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तसंच राहिलं. आप्पासो फिटर. पत्रिका गुणमालाकाकूंनी पाठवली होती, अण्णांना न सांगता.

"जमवलंस रं सुकुमार," आप्पासो कमानीकडे बघत म्हणाले. "वेल्डिंग बरं झालंय. माझ्या येळंगत न्हाई, पण बरं झालंय."

अण्णांच्या तोंडून आडवंतिडवं काहीतरी निघालं. तीस वर्षांपूर्वीचा सोमवार, ती वही, ते दोन शब्द, खाली गेलेली मान.

आप्पासोंनी कानातलं यंत्र नीट केलं. "कुठली मान?"

"मालक दार लावून तुम्हाला बोलले ना... माझ्यामुळं."

"बोललं? आरं, मालकानं इचारलं काम का थांबलंय. मी सांगितलं, बायकू दवाखान्यात हाय. त्यानं आठ दिवसांची भरपगारी रजा दिली आन खर्चाला वर पैसं दिलं. मी कुणाशी बोललो न्हाई, कारण तोंड उघडलं आस्तं तर रडलो आस्तो. तू तसं लिव्हलं नस्तंस तर मी तोंड उघडणार हुतो व्हय? चार दिस मी बी 'चालू हाय, चालू हाय' म्हणतच हुतो की." म्हातारा खो-खो हसला. "आन फुडच्या म्हैन्यात दुसरीकडं गेलो ते घराजवळ हुतं म्हणून. तिला बघाया. बरी झाली ती. तिकडं बघ, जिलेबी खात बसलीया."

अण्णांनी तिकडे बघितलं. साडीचा पदर सावरत एक म्हातारी खरंच जिलेबी खात होती, आणि वाढप्याला आणखी मागत होती. या माणसाचा आपल्यावरचा राग तीस वर्षं "चालू" आहे, असं अण्णांनी धरलं होतं. एकदाही जाऊन विचारलं नव्हतं.

"भरतेश," अण्णांनी व्याह्यांना पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "हे आप्पासो. यांना खाली बसवू नका, खुर्ची द्या. आणि काकूंना जिलेबी."

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं. अण्णांनी लाल वही उघडली, एका रिकाम्या ओळीत "वरचा मजला" असं लिहिलं आणि बराच वेळ पेन धरून बसले. मग पहिल्या रकान्यातला कुणाचा तरी जुना फोन नंबर नीट खोडला आणि त्याच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं: सुरू नाही.

गुणमालाकाकूंनी मागून येऊन वाचलं. सोळा वर्षांत त्यांना त्या मजल्याबद्दल मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. त्या पदराने डोळ्यांच्या कडा टिपून आत गेल्या.

थोड्या वेळाने कुंपणावरून शेजाऱ्यांनी विचारलं, "काय अण्णा, चहा झाला का?"

अण्णांनी स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, "काय गं, कुठवर आलाय?"

"सुरू नाही!" आतून आवाज आला. "लायटर सापडत न्हाई. बसून काय लिव्हताय, उठा आणि शोधा."

अण्णा उठले.